इंग्रजीतल्या 'बेरी'चं मूळ स्वतः कसं शोधायचं: पुरण्याच्या एका क्रियापदाचा माग

आधी उच्चाराचं मिटवून टाकू. बी-यू-आर-वाय असं स्पेलिंग असलेलं, पुरणे या अर्थाचं इंग्रजी क्रियापद आपल्याकडे बरेच जण 'बरी' किंवा 'ब्युरी' असं म्हणतात, पण त्याचा उच्चार 'बेरी', स्ट्रॉबेरीतली बेरी तशीच. लिहायचं एक आणि बोलायचं भलतंच हा जो प्रकार आहे तो नुसता इंग्रजीचा आचरटपणा नाही, त्यामागे कारण आहे आणि ते पुढे येईलच. ज्यांना शब्दांच्या मागे लागायची खोड आहे, किंवा जर्मन शिकताय (पुण्यात अशांची काही कमी नाही) आणि तिथे पुरणे म्हणजे 'बेग्राबेन' बघून इंग्रजीशी याचा काहीच कसा संबंध नाही असं वाटलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भाषाशास्त्राची डिग्री लागत नाही, इंटरनेट लागतं, थोडा धीर लागतो, आणि शाळेत संस्कृत घेतलं असेल तर मोठाच फायदा.

पहिलं काम म्हणजे माल गोळा करणे. डिक्शनरी उघडून थेट उगमाची ओळ वाचायला जाऊ नका, ती शेवटी वाचायची. त्याआधी एकच वाक्य सगळ्या जर्मेनिक भाषांमध्ये (इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश वगैरेंचं कुटुंब) शेजारी शेजारी ठेवा, आणि त्यासाठी बायबलइतकं सोयीचं काही नाही कारण ते सगळ्यांनी आणि फार जुन्या काळापासून भाषांतरित केलंय. मत्तयचा आठवा अध्याय, बाविसावं वचन घ्या, 'मेलेल्यांना त्यांच्या मेलेल्यांना पुरू दे' असा त्याचा भाव आहे. किंग जेम्स बायबलात (१६११) तिथे 'बेरी' आहे. इ.स. १०००च्या आसपासच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात 'बेब्युर्यन', म्हणजे 'ब्युर्यन'च्या आधी 'बे' लावलेलं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या जर्मन भाषांतरात (त्याचा नवा करार १५२२ला आला) 'बेग्राबेन'. डचमध्ये 'बेख्रावन', स्वीडिशमध्ये 'बेग्राव्हा', डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही तोच शब्द थोडा वळवून. आइसलँडिकमध्ये मात्र 'यार्धा'. आणि सगळ्यात जुनं म्हणजे गॉथिक (गॉथ टोळ्यांची, आता नामशेष झालेली जर्मेनिक भाषा), चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं केलेलं भाषांतर, ज्याची जांभळ्या कातड्यावर चांदीच्या शाईनं लिहिलेली सहाव्या शतकातली प्रत आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे, तिथे या वचनात शब्द येतो 'फिल्हान'.

म्हणजे एका वचनात चार वेगळी क्रियापदं. इथेच कळतं की सगळ्या जर्मेनिक लोकांचा पुरण्यासाठीचा एकच जुना शब्द होता आणि तो सगळीकडे वाहत आला असं झालेलं नाही. यात आश्चर्य वाटायचं कारण नाही, आपल्याकडेही पुरणे, गाडणे, माती देणे, दफन करणे असं सगळं आहेच आणि त्यातलं दफन तर मूळचं अरबी.

आता दुसरं काम, ढीग वेगळे करणे. 'ग्राब'वाल्यांचा ढीग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सोपा. जर्मनमध्ये 'ग्राबेन' म्हणजे खणणे, इंग्रजीतला 'ग्रेव्ह' म्हणजे कबर त्याच घरातला, रशियनमध्ये 'ग्रोब' म्हणजे शवपेटी तोही त्याच मुळाचा. स्वीडिश लोकांचा तो प्रसिद्ध मासा, 'ग्राव्हलाक्स', तो म्हणजे शब्दशः पुरलेला रावस, पूर्वी मीठ लावून जमिनीत पुरून ठेवायचे म्हणून. पण इथे एक गोष्ट टिपून ठेवा, नेहमी उपयोगी पडेल. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनच्या 'बेग्राव्हा'मध्ये सुरुवातीला 'बे' आहे. हा 'बे' उपसर्ग उत्तरेकडच्या भाषांचा स्वतःचा नाही, त्यामुळे स्वीडिशमध्ये 'बे'नं सुरू होणारं क्रियापद दिसलं की संशय घ्यायचा की हे दक्षिणेकडून आलेलं असणार. आणि तसंच आहे, मध्ययुगात हान्सा (उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांचा संघ) व्यापाऱ्यांच्या जोरावर उत्तर जर्मनीतल्या लो जर्मन बोलीतून शब्दांचं अख्खं गोदामच तिकडे रिकामं झालं त्यात हाही गेला. म्हणजे वरच्या यादीत 'बेग्राबेन'ला पाच मतं दिसतात पण त्यातली तीन उसनी, साक्षीदार मोजताना ती धरायची नाहीत. शब्दांच्या शोधात हा हिशोब न करता लोक खुशाल 'बहुतेक भाषांमध्ये हाच आहे म्हणजे हाच सगळ्यात जुना' असं ठोकून देतात, ते करू नका.

'यार्धा' एका ओळीत संपतो. आइसलँडिकमध्ये 'योर्ध' म्हणजे जमीन, त्याचं क्रियापद केलं. जर्मनचं 'बेएर्डिगेन' पण तसंच, 'एर्ड' म्हणजे माती. पुढे.

गॉथिकचं 'फिल्हान' जरा मजेशीर आहे. त्याचा अर्थ लपवणे, आणि त्यातूनच पुरणे. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची मध्ययुगातली भाषा) 'फेला' म्हणजे लपवणे, आणि कुणाच्या हवाली करणे असाही अर्थ. जुन्या जर्मनमध्ये 'बिफेलाहन' म्हणजे सोपवणे, मातीच्या स्वाधीन करणे. आणि आजच्या जर्मनमध्ये हा शब्द काय झालाय तर 'बेफेलेन', हुकूम देणे! काम सोपवणे, मग काम सांगणे, मग हुकूम सोडणे असा तो सरकत गेला. जर्मन शिकणाऱ्यांना 'एम्पफेलेन' म्हणजे शिफारस करणे हा शब्द माहीत असेल, तो याचाच भाऊ. बघितलंत ना, अर्थाच्या मागे धावलं तर माणूस कुठल्या कुठे पोचतो, म्हणून या कामात रूप आधी आणि अर्थ नंतर हा नियम पाळायचा.

आता आपला मुख्य शब्द. तिसरं काम म्हणजे शब्दाला एकेक पायरी मागे नेणं, आणि प्रत्येक पायरीला नियम लावणं, मनाला वाटलं म्हणून नाही.

पहिली पायरी आज ते मध्ययुग. जुन्या इंग्रजीत शब्द होता 'ब्युर्यन', लिहिताना त्यात 'ग' लिहायचे पण बोलताना तो 'य' व्हायचा. त्यातला पहिला स्वर म्हणजे ओठ 'उ'चे आणि जीभ 'ई'ची असा तो जर्मन-फ्रेंचवाला आवाज. हा स्वर इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळा बदलला. उत्तरेत आणि पूर्व-मध्य भागात त्याचा 'इ' झाला, आग्नेयेला केंटकडे 'ए' झाला, आणि पश्चिमेकडे तो आवाज बराच काळ तसाच राहिला आणि फ्रेंच पद्धतीनं 'यू' अक्षरानं लिहिला गेला. प्रमाण इंग्रजी पुढे लंडनमध्ये घडली आणि तिथे सगळीकडची माणसं येऊन धडकत होती, त्यामुळे या शब्दाला स्पेलिंग मिळालं पश्चिमेचं आणि उच्चार मिळाला केंटचा. 'बिझी'चं पण असंच, स्पेलिंग पश्चिमेचं, पण उच्चार 'इ'वाल्यांचा. 'मेरी ख्रिसमस'मधल्या 'मेरी'ला मात्र स्पेलिंग आणि उच्चार दोन्ही केंटचे मिळाले. तर ज्याला हे माहीत नाही तो 'बेरी' उच्चारावरून मागे जाताना चुकीच्या स्वराला धरून बसणार. कुठलाही इंग्रजी शब्द मागे न्यायचा असेल तर आजचा उच्चार सोडून द्या आणि जुन्या इंग्रजीतलं लिखित रूप पकडा, विक्शनरीवर ते बहुतेक वेळा सापडतं, आणि बॉसवर्थ-टॉलरचा जुन्या इंग्रजीचा कोश ऑनलाइन फुकट आहे.

दुसरी पायरी. हा 'उ-ई' मिसळलेला स्वर आला कुठून? जर्मेनिक भाषांमध्ये एक सवय आहे, पुढच्या अक्षरात 'इ' किंवा 'य' असला की मागचा स्वर त्याच्याकडे ओढला जातो. इंग्रजीत 'फूट'चं 'फीट' आणि 'माउस'चं 'माइस' होतं ते याच सवयीमुळे, पुढचा 'इ' नंतर गळून गेला पण ओढ राहिली. म्हणजे 'ब्युर्यन'च्या मागे साधा 'उ' होता आणि पुढे 'इ-य' होता, म्हणून अभ्यासक मूळ जर्मेनिक रूप मांडतात *बुर्गियन. शब्दाच्या आधी जी चांदणी असते तिचा अर्थ हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, हिशोबानं काढलाय, हे लक्षात ठेवा. लोक चांदणी उडवून शब्द पुढे ढकलतात आणि मग तो शिलालेखावर वाचल्यासारखा फिरत राहतो.

या रूपाचा जुळा जुन्या नॉर्समध्ये आहे, 'बिर्ग्या', पण त्याचा अर्थ बंद करणे, झाकून घेणे. म्हणजे पुरण्याचा अर्थ नॉर्समधल्या क्रियापदाला नाही, इंग्रजीतल्याला आहे.

तिसरी पायरी, आणि इथे संस्कृतवाल्यांची चांदी आहे. *बुर्ग- हे एकटं नाही, त्याच्या शेजारी *बेर्ग- आहे, जर्मनमध्ये 'बेर्गेन' हे क्रियापद, त्याची रूपं 'बिर्ग्ट, बार्ग, गेबोर्गेन'. स्वर बदलतो, व्यंजनं तीच. आपण भृत, भरण, भार असं म्हणतो तेच हे, ऋ-अर्-आर् ही मालिका, फक्त जर्मेनिकमध्ये ऋच्या जागी 'उर' येतो. त्यामुळे 'बेर्ग' आणि 'बुर्ग' ही एकाच धातूची दोन रूपं असू शकतात हे तुम्हाला पटायला जर्मन माणसापेक्षा कमी वेळ लागेल.

आणि या *बेर्ग-चा अर्थ काय? जपणे, आडोशाला ठेवणे, सुरक्षित करणे. गॉथिकमध्ये 'बेर्गान' म्हणजे राखणे. जुन्या इंग्रजीत 'बेओर्गन' म्हणजे वाचवणे, संरक्षण करणे. म्हणजे इंग्रजीत माणसाला पुरणे या क्रियापदाच्या तळाशी खणणं नाहीये, माती नाहीये, जपून ठेवणं आहे. प्रेत उघड्यावर टाकून न देता झाकायचं, वर ढिगारा रचायचा, कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखायचं, हे त्या क्रियेचं मूळ चित्र. जर्मन माणूस पुरताना खड्ड्याचा विचार करतो आणि इंग्रज वरच्या झाकणाचा, असं गमतीनं म्हणता येईल, अर्थात दोघांनाही आज याचा पत्ता नसतो.

बाकीच्या भावंडांनी ती जपण्याची बाजू आजही सोडलेली नाही आणि मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. डचमध्ये 'बेर्खन' म्हणजे नीट आत ठेवून देणे, फ्लॅटच्या खाली जी अडगळीची खोली असते ती 'बेर्खिंग'. स्वीडिशमध्ये 'बेर्या' म्हणजे पीक घरात आणणे, आणि रस्त्यात गाडी बंद पडली की ओढून न्यायला जो ट्रक येतो तो 'बेर्यनिंग्सबिल'. आइसलँडमध्ये 'ब्यार्गा' म्हणजे जीव वाचवणे, बर्फात किंवा समुद्रात अडकलेल्यांना सोडवायला जी स्वयंसेवकांची पथकं जातात त्यांच्या नावातही हाच शब्द. जर्मनमध्ये 'बेर्गेन' बातम्यांत सारखा दिसतो, भूकंपानंतर ढिगाऱ्याखालून माणसं किंवा मृतदेह बाहेर काढणे. आता गंमत बघा, एकाच धातूपासून इंग्रजांनी मृतदेह जमिनीत ठेवायचं क्रियापद केलं आणि जर्मनांनी तो बाहेर काढायचं.

उसनवारीतही हा धातू आहे. जर्मन 'ब्यूर्ग' म्हणजे जामीन राहणारा आणि इंग्रजी 'बॉरो' म्हणजे उसनं घेणे, मूळ कल्पना तारण ठेवून सुरक्षित करायची. सैन्याचा आडोसा तो 'हेर्बेर्ग', त्याचा इंग्रजीत 'हार्बर' झाला आणि फ्रेंचमध्ये 'ओबेर्ज', म्हणजे सराई.

आता सापळे, आणि ते बरेच आहेत, म्हणून जरा इथे थांबू.

इंग्लंडमध्ये कँटरबरी, सॉल्झबरी, आणि नुसतं बेरी नावाचंही गाव मँचेस्टरजवळ आहे. सफकमध्ये बेरी सेंट एडमंड्स नावाचं गाव आहे आणि तिथे सेंट एडमंड राजाचे अवशेष पुरलेले होते हेही खरं आहे, त्यामुळे कुणालाही वाटणार की गावाचं नाव पुरण्यावरून पडलं. नाही. हा 'बेरी' म्हणजे 'बुर्ख', तटबंदीचं गाव, त्याचं विभक्ती लावलेलं रूप 'ब्युरिय', हॅम्बुर्ग-एडिनबरामधलं 'बुर्ग' तेच. गोष्ट कितीही छान जुळली तरी जुनं लेखन बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

दुसरा सापळा डोंगराचा. जर्मन 'बेर्ग' म्हणजे डोंगर, आणि जुन्या इंग्रजीत 'बेओर्ग' म्हणजे टेकडी आणि थडग्यावरचा ढिगाराही. त्यामुळे 'पुरणे म्हणजे ढिगारा रचणे, म्हणजे डोंगर आणि हे क्रियापद एकच' असं पटकन म्हणावंसं वाटतं. इथे जर्मेनिक भाषा एकट्या मदत करू शकत नाहीत कारण त्यांनी पुरावा पुसून टाकलाय. मूळ इंडो-युरोपियनमधल्या (संस्कृतपासून इंग्रजीपर्यंतच्या भाषांची हिशोबानं काढलेली आई) 'घ'च्या प्रकारांपैकी दोन इथे कामाचे, एक मऊ आणि एक कडक, जर्मेनिकमध्ये दोन्हींचा 'ग' झाला. आपल्या बाजूच्या भाषांनी मात्र फरक जपला, मऊ 'घ'चा संस्कृतमध्ये 'ह' झाला (हंस आणि जर्मन 'गान्स' ही जोडी बघा), इराणी आणि स्लाव्हिक (रशियन वगैरे) भाषांत 'झ' झाला, कडक 'घ' स्लाव्हिकमध्ये 'ग' राहिला. आता डोंगरवाल्या 'बेर्ग'चा संस्कृत भाऊ कोण? बृहत्. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेत, 'बेरेझ', उंच. आणि फारसीतून आपल्याकडे आलेला 'बुलंद' पण त्याच घरातला. म्हणजे बृहन्मुंबईतलं बृहत् आणि हाइडेलबेर्गमधला बेर्ग हे सख्खे, तिथे मऊ 'घ' होता. पण जपण्याच्या 'बेर्गेन'ला जुळणारं रशियन क्रियापद आहे 'बेरेगू', मी जपतो, राखतो, आणि त्यात 'झ' नाही, 'ग' आहे. म्हणजे कडक 'घ'. म्हणून बरेच अभ्यासक हे दोन धातू वेगळे धरतात, उंच असण्याचा एक आणि जपण्याचा एक, जे जर्मेनिकमध्ये येऊन एकसारखे ऐकू यायला लागले. दोन्ही एकच होते असं मानणारेही आहेत, स्लाव्हिकमध्ये या आवाजांचे काही अपवाद सापडतात त्याच्या आधारावर, आणि 'बुर्ग' नक्की कुणाच्या बाजूचा यावर तर वाद आहेच. तुमच्या टिपणात दोन्ही मतं लिहा, एक निवडून बाकीचं गाळू नका. तरी एवढं नक्की की इंग्लंडमधल्या माणसाच्या कानाला टेकडी, थडग्याचा ढिगारा आणि पुरणे हे तिन्ही शब्द जवळचे वाटत असणार आणि त्यांनी एकमेकांवर रंग सांडला असणार.

तिसरा सापळा चवीचा. जुन्या इंग्रजीत हुबेहूब 'ब्युर्यन'सारखंच दिसणारं अजून एक क्रियापद होतं, त्याचा अर्थ चव घेणे, खाणे. नॉर्समध्ये त्याचा भाऊ 'बेर्ग्या', चाखणे. पुरण्याशी काही देणंघेणं नाही. एखाद्या जुन्या इंग्रजी उताऱ्यात कुणी सफरचंद 'पुरताना' दिसलं तर कोशात दुसरी नोंद बघा. आपल्याकडे 'भाजी सगळ्यांना पुरली' हे परक्या माणसानं चुकीचं वाचलं तर काय होईल तसंच.

अजून एक, छोटा. सटन हू, सफकमधलं ते ठिकाण जिथे १९३९ला ढिगाऱ्याखाली अख्खं जहाज आणि राजाच्या दर्जाचं सोनं सापडलं, त्यातलं 'हू' म्हणजे ढिगारा असं वाटतं, पण ते जमिनीच्या टाचेसारख्या पुढे आलेल्या भागाचं नाव आहे. आणि 'ग्रेव्ह'चा संबंध संस्कृतच्या ग्रह्-ग्रभ्शी लावायचा मोह होईल, आवाज जुळतात म्हणून, पण कोशांमध्ये खणण्याचा आणि पकडण्याचा हे धातू सहसा वेगळेच ठेवलेले असतात, तेव्हा घाई नको.

शब्दाची नामं पण तपासायची असतात, त्यात कधी कधी मोठा पुरावा लपलेला असतो. 'बेरियल' म्हणजे दफनविधी, त्यातला शेवटचा 'अल' लॅटिनवाला दिसतो, 'फ्युनरल'सारखा, पण तो नंतर तसा झाला. जुन्या इंग्रजीत शब्द होता 'ब्युर्येल्स', म्हणजे थडगं, एकवचनी. शेवटी 'स' आहे म्हटल्यावर लोकांना ते अनेकवचन वाटलं, मग त्यांनी 'स' काढून एकवचन बनवलं आणि ते पुढे लॅटिन शेपटीच्या शब्दांत मिसळून गेलं. जुन्या सॅक्सन भाषेत (उत्तर जर्मनीतली जुनी भाषा) त्याचा जोडीदार 'बुर्गिस्ली' सापडतो, म्हणजे निदान नाम तरी इंग्लंडला जाण्याआधीपासूनचं आहे, आणि क्रियापदाचं वय ठरवायला हा चांगला आधार.

हे सगळं झालं की मग डिक्शनरीतली उगमाची ओळ उघडा. आता ती तीन ओळींची नोंद तुम्हाला वेगळीच दिसेल, 'शी संबंधित' आणि 'पासून आलेला' यातला फरक कळेल, चांदणी कुठे आहे कुठे नाही ते कळेल. दोन तरी कोश बघा, एक इंग्रजीचा आणि एक जर्मनचा, कारण इंग्रजी कोश जर्मन भावंडांबद्दल घाईत बोलतात आणि जर्मन कोश उलट.

शेवटी वापराकडे पण बघा, कारण धर्म आणि विधी आला की भाषा आपला रोजचा शब्द बाजूला ठेवते. यिद्दिश ही युरोपातल्या ज्यूंची जर्मेनिक भाषा, तिच्यात 'बग्रोबन' आहे, पण ज्यू माणसाच्या दफनासाठी हिब्रूतून घेतलेला 'मेकाबेर' वापरून 'मेकाबेर झाइन' म्हणायची पद्धत आहे. जर्मनमध्ये अंत्यविधीवाले 'बेश्टाटेन' म्हणतात, म्हणजे जागेवर नेऊन ठेवणे, आणि तो शब्द दहनालाही चालतो, 'फॉयरबेश्टाटुंग' म्हणजे अग्नीनं केलेला अंत्यविधी, जिथे 'बेग्राबेन' अजिबात चालणार नाही. जर्मनीत कुणाच्या घरी असा प्रसंग असेल आणि विधी कसला आहे माहीत नसेल तर हाच शब्द वापरा.

सरावाला एक देतो. इंग्रजी 'हेल', नरक, हा शब्द घ्या आणि जर्मनमधलं 'हेलेन' (चोरीचा माल लपवणे) आणि 'ह्युलेन' (गुंडाळणे, झाकणे) त्याच्या शेजारी ठेवा. लॅटिनमध्ये लपवण्याला 'केलारे' आहे आणि जर्मेनिकमध्ये मूळ 'क'चा 'ह' होतो हे धरून चाला, आधी रूपं जुळवा, अर्थ नंतर, आणि इंग्रजीतला 'हॉल' म्हणजे दालन त्याच घरातला निघतो का ते बघा.